नाव लपवणारे आबा

सुरतच्या मे महिन्यात आमच्या डिंडोलीतली माणसं अंगावरच्या बनियनवरसुद्धा वैतागलेली असायची. अशा उन्हात समोरच्या घरातले आबा पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून, मनगटाची बटणं घट्ट लावून फिरायचे. बमरोलीच्या कापड कारखान्यात लूमवर बाकीचे सगळे कारीगर लुंगी-बनियनवर, आणि त्यांच्यात आबा एकटे बँकेत निघाल्यासारखे. कोणाला वाटायचं हातावर कोड असेल, कोणाला वाटायचं कधीतरी भाजलं असेल. तसलं काहीच नव्हतं हो! डाव्या हातावर, कोपराच्या खाली, त्यांचं स्वतःचं नाव गोंदलेलं होतं. ते कोणी वाचू नये म्हणून हा सगळा बंदोबस्त. पण हे मला नंतर कळलं. तोपर्यंत गल्लीतल्या आम्हा पोरांना त्यांचं नावच माहीत नव्हतं. आबा म्हणजे आबा. त्यांच्या बायकोला सगळे जिजी म्हणायचे, मुलगा संजू, आणि घर म्हणजे 'समोरचं घर'. बस.

आमच्या गल्लीत तेव्हा प्रत्येक दारावर काही ना काही लिहिलेलं असायचं. कोणाकडे लाकडी पाटी, कोणाकडे नुसता ऑइलपेंट, कोणी तर भिंतभर लग्नातली नवरा-नवरीची नावं पाच-पाच वर्षं तशीच ठेवलेली. आबांच्या दारावर फक्त शुभ-लाभ. लाइटबिलवाला मीटर बघायला यायचा, विचारायचा, "काका, नाम शुं?" आबा म्हणायचे, "लखो ने, घरवाळा." लिही ना, घरवाला! तो हसायचा आणि पुढे जायचा. संजूच्या मुंजीसारखं काही नव्हतंच त्यांच्याकडे, पण भाचीचं लग्न होतं तेव्हा पत्रिकेत मामा म्हणून नाव छापू नका, असं त्यांनी बहिणीला निक्षून सांगितलं. बहीण रुसली. आबा म्हणाले, "रुसू दे. लग्नाची पत्रिका कोणाच्या हातात पडेल सांगता येतं का?"

भांड्यांची गंमत तर ऐकाच. आपल्याकडे भांड्यांवर नाव घालतात ना, तसं जिजीच्या माहेरच्या सगळ्या भांड्यांवर आबांचं नाव ठोकलेलं होतं. आबांनी एका रविवारी ओट्यावर बसून कानस घेऊन ती सगळी नावं घासून काढली. नंतर गल्लीत कोणाकडे सत्यनारायण झाला, हळदीकुंकू झालं, की भांडी इकडची तिकडे जायची आणि जिजीची परत यायचीच नाहीत. कारण ओळखायची कशी? माझी आई एकदा त्यांना त्यांचाच डबा द्यायला गेली तर जिजी म्हणाली, "ताई, हा आमचा नाही, आमच्या डब्याचं तर नाव खरवडलेलं आहे." आई म्हणाली, "अहो, बघा ना, खरवडलेलंच आहे." मग दोघी दारात बसून इतक्या हसल्या की आतून आबा ओरडले, "काय झालं? कोण आलंय?"

ओरडले म्हणजे खरंच ओरडले. आयुष्य लूमच्या खडखडाटात गेलेलं. तिथे शेजारच्या माणसाशी बोलायचं तर कानात ओरडावं लागतं, आणि तीच सवय घरी. आबांचं कुजबुजणं गल्लीच्या टोकाच्या चहाच्या टपरीवर ऐकू जायचं. ते माझ्या आईला दबक्या आवाजात सांगायचे, "ताई, माझं नाव कोणाला सांगायचं नाही बरं का!" आणि पलीकडच्या ओट्यावरची म्हातारी मान हलवायची, "नाही सांगत, नाही सांगत."

हे खूळ कुठून आलं ते आईने मला सांगितलं. मी तेव्हा सहावीत असेन, आणि ही गोष्ट त्याच्याही आधीची. आबांनी प्लॉट घेऊन घर बांधलं तेव्हा त्यांचे मोठे भाऊ, दादा, गावाकडून वास्तूला आले होते. शिंदखेड्याकडे तापीकाठी त्यांचं गाव. दादांनी सागाची पाटी करून आणली होती. वर आबांचं पूर्ण नाव, खाली गावाचं नाव, आणि कोपऱ्यात वेलबुट्टी. दादांनी स्वतःच्या हाताने ती दारावर ठोकली. आजूबाजूला तेव्हा नुसते रिकामे प्लॉट होते. लांबूनसुद्धा ती पाटी दिसायची म्हणे.

मग एक दिवस आबा कामावर असताना एक भामटा आला. त्याने पाटी वाचली आणि सरळ जिजीला हाक मारली. "वहिनी, मी तुमच्या गावाकडून आलोय. दादांनी पाठवलंय. दादा धुळ्याला दवाखान्यात आहेत, सीरियस आहेत." गावाचं नाव बरोबर, आडनाव बरोबर, आणि मोठ्या भावाला तर खानदेशात घरोघर दादाच म्हणतात. जिजी बिचारी रडायला लागली. घरात हाताशी काही नव्हतं, तर तिने गळ्यातली सोन्याची पोत काढून दिली. संध्याकाळी आबा आले आणि मग सगळं उघड झालं.

आबांनी दोन गोष्टी केल्या. एक, ती पाटी उपटून माळ्यावर टाकली आणि खिळ्यांच्या भोकांत चुना भरला. दुसरी फार वाईट केली. ते गावाला गेले आणि भर चौकात, पारावर चार माणसं बसलेली असताना, दादांना म्हणाले, "दादा, माझ्या घरचं तू गावभर सांगत फिरतोस. त्याशिवाय त्याला कसं कळलं?" त्यांना हळू बोलायचं असेलही, पण तो लूमवाला आवाज! अर्ध्या गावाने ऐकलं. दादा फक्त "बरं" म्हणाले आणि घरात गेले. त्या दिवसापासून दोघं भाऊ एकमेकांशी बोलेनासे झाले.

आता मजा बघा. नाव लपवण्यासाठी एवढा आटापिटा करणाऱ्या माणसाच्या दाराची कडी कशी होती? खिळखिळी! बाहेरून ढकललं तर आतली कडी आपोआप खाली यायची. कुलूप म्हणजे पेटीला लावतात तसलं चिमुकलं, आणि किल्ली चौकटीच्या वर. जिजी रोज म्हणायची, "आहो, आधी ती कडी बदला ना." आबांचं ठरलेलं उत्तर: "कडी कसाले? नावच नही ते ई कोन?" नावच नाही तर येईल कोण! आणि हे ते इतक्या खात्रीने म्हणायचे की आम्हाला खरंच वाटायचं.

आणि आला ना चोर! ते सगळे दिवाळीत बहिणीकडे नंदुरबारला गेलेले. चोराने दार ढकललं, त्या चिमुकल्या कुलपासकट बाहेरची कडी निखळली, टीव्ही आणि गॅसची टाकी गेली, जिजीच्या दोन भारी साड्या गेल्या. पोलीस आला. आबा त्याला समजावत होते, "साहेब, दारावर नाव नाही, भांड्यावर नाव नाही, बिलावर नाही. त्याला कळलंच कसं?" तो गुजराती हवालदार कडी हातात घेऊन हलवत होता. म्हणाला, "काका, चोर नाम वांचवा नथी आवतो, ताळुं जोवा आवे छे." चोर नाव वाचायला येत नाही, कुलूप बघायला येतो. गल्ली हसली. आबा नाही हसले.

इथे मला एक सांगायचंच आहे, नाहीतर मी विसरेन. परवा माझ्या खोलीवर वायफाय बसवायला एक मुलगा आला होता. म्हणाला, "मॅडम, नेटवर्कचं नाव लपवून टाकू? म्हणजे कोणाला दिसणारच नाही, एकदम सेफ." मला इतकं हसू आलं! मी म्हटलं, बाबा, नाव लपवून शेजारच्या साध्या माणसाला दिसणार नाही एवढंच. ज्याला शिरायचंय त्याच्याकडे ऐकायची साधनं असतात. वर माझाच फोन जिथे जाईल तिथे त्या लपवलेल्या नावाने हाका मारत बसणार, 'आहेस का, आहेस का?' म्हणजे लपवायचं आणि आपणच ओरडत फिरायचं. त्यापेक्षा पासवर्ड दमदार ठेव. नाव लपवून पंचाईत होते ती फक्त पाहुण्यांची. तो मुलगा गेला, आणि मी तिथेच खुर्चीत बसून राहिले. आबा असते तर त्यांना हे सांगितलं असतं, असं वाटलं. मग वाटलं, त्यांना हे माझ्याआधीच कळलेलं होतं. म्हणून तर हे सगळं भराभर टाइप करत बसलेय.

तर, चोरीनंतर आबांनी कडी बदलली का? नाही! त्यांनी अनुमान काढलं की गल्लीतल्याच कोणाच्या तरी तोंडून नाव फुटलं. मग ते घरोघर फिरले. मोठ्या माणसांना, ज्यांना नाव माहीत होतं त्यांना, हात जोडून सांगितलं, "कोणी माझं नाव घेऊन विचारत आला, गावाकडचा आहे म्हणाला, भाऊ आहे म्हणाला, काका आहे म्हणाला, तरी सांगायचं, इथे असं कोणी नाही. ऐकलं का? भामटे असंच म्हणून येतात." टपरीवाल्याला सांगितलं, पिठाच्या गिरणीवाल्याला सांगितलं, माझ्या आईला तर दोनदा सांगितलं, कारण आमचं दार बरोबर समोर. आई शब्दाची पक्की. म्हणाली, "आबा, काळजी करू नका. माझ्याकडून नाव निघायचं नाही."

सगळं वर्ष आबा असे तोऱ्यात. पण श्रावण आला की माणूस उतरायचा. खानदेशी लोकांची कानबाई देवी श्रावणात बसते, नागपंचमीनंतरच्या रविवारी. आम्ही जालन्याकडचे, आम्हाला त्यातलं काही कळायचं नाही, फक्त मिरवणुकीचा बँड आवडायचा. आबांच्या कुळाची कानबाई गावाला, दादांच्या घरी. त्यांच्यात अशी रीत की कानबाईच्या रोटासाठी, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्यांसाठी, घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घ्यायचे, आणि घरातल्या सगळ्यात वडीलधाऱ्या माणसाने एकेकाचं नाव मोठ्याने घ्यायचं. नाव घ्यायचं आणि मूठ सुपात टाकायची. स्वतःचं नाव मात्र स्वतः घ्यायचं नाही, ते दुसऱ्या कोणीतरी घ्यायचं. भांडणानंतर आबा श्रावणात गावाला गेले नव्हते. "दादा बोलावतील तर जाईन," म्हणायचे. दादांचं बोलावणं यायचं नाही.

जवळच्याच नवागामला त्यांच्या गावचा एक गोकुळ म्हणून माणूस राहायचा. तो दर श्रावणात गावाला जाऊन यायचा. तो परत आला की आबा कामावरून थेट त्याच्याकडे. त्यांचा एकच प्रश्न असायचा, "घेतलं का?" गोकुळ म्हणायचा, "घेतलं भाऊ. दादांनी औंदा बी तुमचं नाव घेतलं. मूठ टाकली." मग आबा घरी येताना पेढे घेऊन यायचे, आणि आम्हा पोरांना वाटायचे. कशाचे पेढे ते सांगायचे नाहीत. एकदा मी विचारलं तर म्हणाले, "माय, मी अजून आहे, त्याचे."

मला वाटलं, किती विनोदी आहेत आबा.

आणि मग तो मंगळवार. कानबाई बसून गेल्यानंतरचा. दुपारची वेळ, पुरुष सगळे कारखान्यात, जिजी साड्यांना टिकल्या लावायचं काम करायची, तो तयार माल द्यायला गेलेली. समोरच्या घराला ते पेटीचं कुलूप. आमच्या शाळेला सुट्टी होती, मी आत बसून चित्र रंगवत होते. बाहेरून आवाज आला, "बाई, पाणी मिळी का?"

एक म्हातारा माणूस. धोतर, टोपी, पायात धूळ, काखेत पांढऱ्या फडक्याचं गाठोडं. आईने पाणी दिलं, ओट्यावर बसवलं. तो तांब्या वर करून घोटाघोटाने पाणी प्यायला आणि मग त्याने विचारलं, "आठे भिकन पाटील कोठे राहस?"

मी ते नाव पहिल्यांदा ऐकत होते. भिकन पाटील? आमच्या गल्लीत? मी माझ्या डोक्यात सगळ्या पाट्या वाचून बघितल्या. आई मात्र क्षणभरही थांबली नाही. म्हणाली, "नाही हो बाबा. त्या नावाचं इथं कोणी नाही."

"मी त्याना मोठा भाऊ शे. गावथून उनू."

आईचा चेहरा एकदम आवळला. गावाहून आलोय, भाऊ आहे. आबांनी जे शब्द सांगून ठेवले होते तेच!

"त्यानी दारवर पाटी व्हती," म्हातारा म्हणाला, "सागनी. मी सोता ठोकेल शे." आणि तो समोरच्या दाराकडे, त्याच्या शेजारच्या दाराकडे, असा एकेका दाराकडे बघत राहिला. रिकाम्या प्लॉटांवर आता माळ्यावर माळे चढले होते. ज्या घराला तो शोधत होता त्याच्या समोरच बसला होता, आणि त्याला घर ओळखू येत नव्हतं.

"टपरीवर विचारलं का?" आईने विचारलं.

"विचारं. तो बी नही म्हने. गिरणीवाला बी नही म्हने."

आई म्हणाली, "मग नसेलच ना बाबा." आणि मग तिला काय वाटलं कोण जाणे, थोडी खात्री करून घ्यावी म्हणून असेल, तिने विचारलं, "गाठोड्यात काय आहे?"

"कानबाईना रोट शेतस. परसाद."

"मग द्या की थोडा. लेकरं आहेत घरात."

म्हाताऱ्याने गाठोडं एकदम पोटाशी ओढलं. "नही बाई. राग मानू नको. हाई दुसराले देवाय नही."

झालं! आईचा संशय पक्का झाला. जालन्याकडे प्रसाद कोणी मागितला आणि दिला नाही, असं कधी झालंय का? जो माणूस देवाचा प्रसाद लेकरांना नाही म्हणतो तो कसला भाऊ! तिने तांब्या उचलला आणि कोरडेपणाने म्हणाली, "बाबा, दुसऱ्या गल्लीत बघा. इथं कोणी नाही." तो उठला. दोन पावलं गेला, परत वळला आणि म्हणाला, "भिकन भेटना ते सांगजो, दादा येल व्हता." आणि निघून गेला.

संध्याकाळी आबा आले. आई त्यांची वाटच बघत होती. कधी सांगते असं झालेलं तिला. "आबा! आज तुमचं नाव घेऊन आला होता एक. गावाकडचा म्हणे, भाऊ म्हणे. पाठवला परत!"

"शाब्बास ताई!" आबा ओरडले. टपरीपर्यंत गेलं असणार. "बघा, मी म्हणत होतो की नाही! येणारच तो! पुन्हा दादाचंच नाव घेऊन आला ना?"

"दादाचंच! पाटीचं पण माहीत होतं त्याला."

"त्या पहिल्यालापण माहीत होतं," आबा खूश. "ते सगळं माहीत करूनच येतात."

"आणि गंमत ऐका," आई हसत म्हणाली, "गाठोड्यात काय तर म्हणे कानबाईचे रोट. प्रसाद आहे म्हणे. मी म्हटलं, द्या मग. तर देईना! म्हणे दुसऱ्याला देता येत नाही. असा कुठे प्रसाद असतो का हो? तिथेच मी ओळखलं."

आबांचं हसू तसंच राहिलं, पण त्याच्या मागचा माणूस कुठेतरी गेला. मी बघत होते. त्यांनी डाव्या मनगटाचं बटण काढलं. मग बाही वर करायला लागले, हळूहळू, कोपरापर्यंत. आतली कातडी पांढरी पडलेली, आणि तिच्यावर हिरवट, वेडीवाकडी अक्षरं. भिकन. आबांनी तो हात आईपुढे धरला.

"त्याच्या हातावर होतं का असं? याच अक्षरात? रामदास?"

आईने तोंडावर हात नेला. तांब्या वर करताना तिने बघितलं होतं.

तेव्हा त्यांनी आम्हाला सांगितलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा हळू आवाजात सांगितलं. रोट फक्त कुळातल्या माणसांनी खायचे असतात. दुसऱ्याला एक तुकडाही देता येत नाही. आणि पौर्णिमेच्या आत संपवावे लागतात. आबांच्या नावाच्या मुठीचे रोट होते ते. दादा ते घेऊन गाडीत बसून आले होते. गल्लीच्या तोंडापासून आमच्या ओट्यापर्यंत एकेका माणसाने त्यांना सांगितलं, असं इथे कोणी नाही. आणि देता येत नाही हे ऐकून कुठल्याही खानदेशी बाईने त्यांचा हात धरून बसवून ठेवलं असतं. पण त्या दुपारी ओट्यावर होती माझी आई.

आबा चपला न घालता धावले. माझे बाबा सायकल घेऊन मागे गेले, त्यांना डबल सीट बसवून उधन्याच्या स्टेशनवर नेलं. भुसावळकडची गाडी गेलेली होती. बाबा सांगत होते, आबा प्लॅटफॉर्मवर शेवटपर्यंत चालत गेले, जिथे फरशी संपते तिथपर्यंत, आणि तिथेच बसून राहिले. आई रात्री जेवली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आबांच्या पाया पडायला गेली, तर त्यांनी तिला थांबवलं. "ताई, तुम्ही मी सांगितलं तेच केलं. तुमच्याइतकं कोणीच माझं ऐकलं नसेल."

त्याच सकाळी आबा आणि जिजी गावाला गेले. पुढचं जिजीने आईला सांगितलं. दादा ओट्यावर बसले होते. आबा जाऊन पायाशी बसले, रडले, सगळं सांगितलं, भामटा, चोरी, गल्ली, सगळं. दादांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग एकच विचारलं, "ती बाई सोताच्या मनानं बोलली, का तू शिकवलं होतं तिला?"

आबांना खोटं बोलता आलं असतं. गावातलं कोण बघायला आलं होतं? पण ते म्हणाले, "मी शिकवलं होतं, दादा. भाऊ म्हणून आला तरी नाही म्हणा, असं."

दादा म्हणाले, "बरं." आणि घरात गेले. वहिनीने बाहेर येऊन सांगितलं, रोट त्यांनी सकाळीच तापीत सोडले.

परत आल्यावर आबांनी सगळं केलं. माळ्यावरची पाटी काढली, तेलपाणी केलं, जुन्या भोकांतला चुना टोकरून काढला आणि तिथेच ठोकली. कडी बदलली, जाड लोखंडी, आणि मोठं कुलूप आणलं. त्या घरात मग कधी चोरी झाली नाही. आबा कारखान्यात अर्ध्या बाहीच्या शर्टात जायला लागले. नवीन पोरं विचारायची, "काका, ये क्या लिखा है?" आबा सांगायचे. गल्लीत कोणी अनोळखी दिसला की स्वतः उठून जायचे. "कोण पाहिजे? कोणाकडे जायचंय?" एकदा चुकीच्या घरी आलेल्या विमा एजंटला त्यांनी हाताला धरून तीन गल्ल्या फिरवलं. तो घाबरला बिचारा.

पुढचा श्रावण आला. आबा कामावरून नवागामला गेले आणि बराच वेळ परत आले नाहीत. आले तेव्हा हातात पेढे नव्हते. नंतर गोकुळच आईजवळ बोलला. यंदा दादांनी सगळ्यांची नावं घेतली, लहान नातवापर्यंत. आबांच्या जागी आल्यावर थांबले, सुपाकडे बघितलं आणि पुढचं नाव घेतलं.

आबांनी निरोप पाठवले, बहिणीला मध्ये घातलं, स्वतः दोनदा जाऊन आले. दादा भांडले नाहीत, शिव्या दिल्या नाहीत, चहा दिला, जेवू घातलं. पण नाव घेतलं नाही. त्याच्यापुढे काय करणार माणूस? भांडणारा असता तर मनवता तरी आला असता.

मी नववीत गेले त्या वर्षी जिजी म्हणाली, "आपण इथेच बसवू कानबाई. संजू मोठा झाला. तो काय विनाकुळाचा राहील का?" आबा आधी नाही म्हणाले, मग बाजारातून गहू घेऊन आले. आई आणि मी उंबऱ्याच्या बाहेर उभं राहून बघत होतो, आम्हाला तेवढं चालत होतं. घर धुतलेलं, मधोमध पाट, पाटासमोर सूप. आबा आंघोळ करून उघड्या अंगाने बसलेले. हातावरची ती हिरवी अक्षरं ओली.

त्यांनी पहिली मूठ घेतली आणि म्हणाले, "रामदास."

जिजी दबकत म्हणाली, "आहो, त्यांचं घर वेगळं आहे. त्यांच्याकडे त्यांची मूठ निघते."

"पहिली त्याचीच," आबा म्हणाले आणि मूठ सुपात टाकली. मग दादांच्या मुलांची नावं घेतली, नातवांची घेतली. प्रत्येक नाव खणखणीत, लूमवाल्या आवाजात, गल्लीच्या टोकापर्यंत. मग "संजय." संजू लाजला.

मग त्यांनी स्वतःची मूठ घेतली. आणि थांबले.

जिजी नवऱ्याचं नाव घेणार नव्हती. तिने ते जन्मात घेतलं नव्हतं. संजू बापाचं नाव कसं घेणार? आईवडील कधीच गेलेले. ते नाव मोठ्याने घेऊ शकेल असं माणूस त्या खोलीत नव्हतं, सुरतमध्येच नव्हतं. आबा मूठ तशीच धरून बसले होते, मान किंचित दाराकडे वळवून, जसं बाहेरून कोणी हाक मारेल म्हणून आपण ऐकत थांबतो तसं. बाहेर कोणाचातरी रेडिओ चालू होता. संजूने एकदा माझ्याकडे बघितलं, मी आईकडे.

मग आबांनी नाव न घेताच मूठ सुपावर नेली आणि उघडली. जिजीने सूप जवळ ओढून त्यावरून हात फिरवला, आणि ते गहू बाकीच्यांमध्ये मिसळून गेले.